दीड इंच छातीसाठी

आणीबाणी उठली त्या वर्षी मी पहिल्यांदा पोलीस भरतीला गेलो आणि छाती मोजतानाच बाहेर पडलो. भंडाऱ्याच्या मैदानावर आम्हा शे-दीडशे पोरांना शर्ट-बनियन काढून रांगेत उभं केलं होतं. टेप घेऊन उभा असलेला हवालदार माणूस वाईट नव्हता. त्याने दोनदा मोजलं. "भर, अजून श्वास भर," म्हणाला. डोळे पांढरे होईस्तोवर मी श्वास भरला, तरी दीड इंच कमी. त्याने माझ्या बरगड्यांवरून सहज बोट फिरवलं आणि घरी खायला देतात की नाही, असं विचारलं. मागची पोरं हसली. मी शर्ट हातातच धरून मैदानाबाहेर आलो आणि बसस्टँड दिसायला लागल्यावर तो घालायचं मला सुचलं.

घरी खायला होतं. आमचं गाव साकोली तालुक्यात, एकोडीच्या बाजूला. तलावाखाली आमच्या धानाच्या चार बांधी, म्हणजे खाचरं होती. भात होता, लाखोळीच्या डाळीचं वरण होतं, उन्हाळ्यात तलाव आटला की मासोळ्या होत्या. पण आमच्या घरात अंग कोणालाच नव्हतं. मी उंच होतो आणि उंचीमुळे जास्तच किडकिडीत दिसायचो. गावातली पोरं मला तुराटी म्हणायची. कॉलेजात असताना मी शर्टाच्या आत दोन बनियन घालायचो, मे महिन्यातसुद्धा. दुसऱ्या बनियनने काही फरक पडत नाही हे मला माहीत होतं, पण तो काढायची हिंमत व्हायची नाही.

माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान माझा भाऊ होता. तो माझ्याहूनही बारीक. मला तुराटी म्हणणारे त्याला काडी म्हणायचे, पण त्याला त्याचं काही वाटत नसे. तो गणितात हुशार होता. साकोलीला अकरावीत शिकत होता आणि पुढे मास्तर व्हायचं त्याने ठरवून टाकलं होतं. त्याचे डोळे वर्षातून एक-दोनदा पिवळे व्हायचे, मग माय त्याला शेजारच्या गावातून काविळीची माळ आणून घालायची. थंडी पडली की त्याचे हातपाय दुखायचे. माय वीट गरम करून, फडक्यात गुंडाळून त्याचे गुडघे शेकायची. हा आजार आहे असं आमच्या घरात कोणाच्या मनात आलं नाही. काही लेकरं नाजूक असतात, तसाच हा, असं सगळे धरून चालले होते. मला तर तो थोडा लाडावलेला वाटायचा.

भरतीहून परतल्यावर आठ दिवस मी घराबाहेर पडलो नाही. नवव्या दिवशी वस्तादाकडे गेलो. वस्ताद साकोलीच्या एका राइस मिलमध्ये पोती उचलायचा. तरुणपणी त्याने दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडयांमधून, म्हणजे जत्रांमधून कुस्त्या मारल्या होत्या. मारुतीच्या देवळामागे मातीच्या भिंतींची एक खोली होती, तिला सगळे आखाडा म्हणायचे. आत दोन मुगदल, एक दगडी गोटा, छताला टांगलेला दोर आणि कोणीतरी कुठून तरी आणलेला लोखंडी रुळाचा तुकडा, एवढंच सामान. वस्तादाने मला शर्ट काढायला लावला, चारी बाजूंनी पाहिलं आणि तो हसला नाही. एवढ्यावरच मी त्याचा झालो.

"छाती काही बजारात भेटत नाई," तो म्हणाला. "पहिले पंधरा दिवस रडशील. मंग शरीर स्वतःच मागते."

पहिल्या दिवशी मला चार दंड निघाले. पाचव्याला तोंडावर पडलो आणि तोंडात माती गेली. तीस बैठका काढल्यावर बाहेर जाऊन उलटी केली. दुसऱ्या दिवशी हात इतके भरून आले होते की घास तोंडापर्यंत जाईना, मीच तोंड ताटाजवळ नेऊन जेवलो. माय पाहत होती. पोरगा आठ दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवत होता, त्यात ती खूश होती.

घरासाठी मी वेगळं सामान केलं. तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांत ओली रेती ठासली आणि ते जाड बांबूच्या दोन टोकांना तारेने बांधले. पहाटे उठून तलावाच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून धावायचं, मग आखाडा, संध्याकाळी अंगणात तो बांबू खांद्यावर घेऊन बैठका. सकाळी भिजवलेले चणे, गूळ. घरात एक गाय दूध देत होती. तिचं अर्धा शेर दूध आतापर्यंत आम्हा दोघा भावांत वाटलं जायचं. भरती होईपर्यंत ते सगळं मला मिळावं असं माझ्या मनात होतं, पण बोललो नव्हतो. धाकट्याला ते कळलं. आपल्याला दुधाने पोटात मळमळते असं त्याने मायला सांगितलं आणि पेला माझ्याकडे सरकवला. मी तो प्यायलो.

महिनाभर मी एकटाच करत होतो. एकट्याने कसरत करणं फार कठीण असतं. सकाळी उठवत नाही, आकडे मनातल्या मनात चोरले जातात. म्हणून मी धाकट्याला म्हणालो, माझ्यासोबत ये. तो म्हणाला, "मले का करायचं आहे? पण येतो. तुले मोजून देईन." तो आला, पाळीवर गोधडी पांघरून बसायचा आणि मोजायचा. मी दोन बैठका चोरल्या तर त्याला लगेच कळायचं, पण तो टोकायचा नाही. नुसता मोजण्याचा आवाज हळू करायचा, की मला लाज वाटून मी पुढच्या दोन नीट काढायचो.

त्यालाही कसरतीला लावायचं मीच ठरवलं. तो असा बसलेला पाहून पोरं हसतात, हे एक कारण. दुसरं खरं कारण असं की त्याला माझ्यापेक्षा कमी दंड निघतात हे पाहून मला बरं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापेक्षा कमजोर कोणीतरी माझ्या बाजूला दंड काढत होतं. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

दिवाळीपर्यंत माझी छाती एक इंचाने वाढली. टेलरकडून जुना टेप मागून आणला होता, धाकटा दर रविवारी मोजायचा. खांद्यावर गोळे दिसायला लागले. दंडाची बेटकुळी हाताला कडक लागायची. मी शर्टाच्या आत बनियनच घालेनासा झालो. आरशात मी इतक्या वेळा पाहायचो की बाबा म्हणाले, पोराचं लग्न करून टाका.

धाकट्याचं अंग मात्र भरत नव्हतं. उलट तो अजून सुकत चालला होता. बैठका झाल्या की मांडी धरून बसायचा. मी वस्तादाला सांगितलं. वस्तादाने त्याची मांडी दाबून पाहिली आणि म्हणाला, "दुखते म्हणजे बनून राहिली. दुखलं नाई तं समज मेहनत फुकट गेली." कसरत करताना पाणी प्यायचं नाही, हेही त्याचंच. आणि कसरत झाल्यावर गार पाण्यात उतरायचं, त्याने अंग आवळून येतं, हेही. तो मनापासून सांगत होता. त्याला त्याच्या वस्तादाने तसंच सांगितलं होतं आणि तो स्वतः क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन फळी चढायचा. कोण त्याला खोटं म्हणणार?

पौषात कडाक्याची थंडी पडली. पुढची भरती महिन्यावर आली होती. एका सकाळी मी धाकट्याला उठवायला गेलो तर तो जागाच होता, भिंतीकडे तोंड करून.

"भाऊ, आजचा दिवस राहू दे," तो म्हणाला. "मांडीत अंदरून कोणी सळाख फिरवून राहिलं, असं वाटते."

माय चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "बाबू, त्याले आज नोको नेऊ."

तिच्या त्या वाक्याचा मला राग आला. मला कधी कोणी असं म्हटलं नव्हतं. मी त्याच्या अंगावरची गोधडी ओढली आणि म्हणालो, "सोंग करू नोको. मलेही दुखते. मी का झोपून राहतो?"

तो उठला. वाद घालणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. आम्ही पाळीवरून धावलो. त्या दिवसांत मी खांद्यावर रेतीची थैली घेऊन धावत होतो. अर्ध्या वाटेवर ती त्याच्या खांद्यावर दिली आणि तो मागे राहिला की ओरडून त्याला बोलावत राहिलो. पाण्यावर धूर तरंगत होता. धावणं झाल्यावर मी आधी पाण्यात उतरलो आणि त्याला ये म्हणालो. तो छातीएवढ्या पाण्यापर्यंत आला, एक डुबकी मारली, आणि वर आला तेव्हा त्याचा चेहरा मला ओळखू येईना.

तो ओरडला नाही. पाण्याबाहेर आणलं तेव्हा त्याने दुपट्ट्याचा बोळा दातांत धरला होता आणि त्याचे दोन्ही पाय थरथरत होते. हात लावला की झटका द्यायचा. मी त्याला पाठीवर घेतलं. तलावापासून घरापर्यंत मी एकदाही थांबलो नाही, दमलोही नाही. इतकी ताकद माझ्यात आली होती, आणि वाटेत ती मला जाणवलीसुद्धा. ही गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही.

बैलबंडीने साकोली, तिथून एसटीने भंडारा. सरकारी दवाखान्यात तो सव्वा महिना होता. कोणी संधिवात म्हणालं, कोणी हाडात पू झाला असेल म्हणालं. एका कंपाउंडरने विचारलं, घरी लाखोळी खाता का, लाखोळीने पाय जातात. मायने त्या दिवसापासून घरात लाखोळी शिजवली नाही आणि लेकराला आपणच आपल्या हाताने विष वाढलं असं ती धरून बसली. तिला खरं काय ते सांगणारा मी समोर होतो. सकाळी मला गोधडी ओढताना तिने पाहिलं होतं, पण पाळीवरची थैली आणि गार पाणी तिला माहीत नव्हतं. तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

तो दवाखान्यात असतानाच भरती आली. दवाखान्यापासून मैदान चालत जाण्याच्या अंतरावर होतं. मी जाऊ नये असं मला वाटत होतं आणि मी जाणार हेही मला माहीत होतं. सकाळी त्याला पेज भरवली. तो म्हणाला, "जा. छाती मोजताना खांदे वर उचलू नोको, ते ओळखतात." मी गेलो.

छाती मोजली. पाऊण इंच जास्तच भरली. धावण्यात मी पाचवा आलो. गोळा फेकला, उंच उडी मारली. दुपारी निवडलेल्या पोरांना एका खोलीत डॉक्टरसमोर उभं केलं. डॉक्टर म्हणाले, टाचा जुळव आणि सरळ उभा राहा. मी उभा राहिलो. त्यांनी खाली पाहिलं आणि कागदावर फुली मारली. माझे गुडघे एकमेकांना टेकत होते. टाचा जुळण्याआधी गुडघे टेकले तर घेत नाहीत, असा नियम होता. मी विचारलं, किती कसरत केली तर सरळ होतील? ते म्हणाले, "हाड आहे ते. कसरतीने नाही होत." त्यांनी ते चिडून सांगितलं नाही, पुढच्या पोराला बोलावता बोलावता सांगितलं.

पहिल्या वर्षी छातीतच बाहेर निघालो म्हणून माझे गुडघे कोणी पाहिलेच नव्हते. छाती भरली असती तरी त्या वर्षीही मी याच खोलीतून परत आलो असतो. वर्षभराचे दंड, बैठका, चणे, धाकट्याच्या वाट्याचं दूध, आणि तलावातली ती सकाळ, यातलं काहीही करायची गरज नव्हती.

दवाखान्यात परतलो. त्याने माझ्याकडे पाहिलं. सरकून खाटेवर थोडी जागा केली. मी बसलो.

तो घरी आला तेव्हा डावा पाय टेकवताना लंगडत होता. महिना-दोन महिन्यांत जाईल असं सगळे म्हणाले. गेलं नाही. सायकल चालवणं सुटलं, साकोलीची शाळा सुटली. बाहेरून परीक्षा देऊन बारावी झाला, पण मास्तरकीच्या कॉलेजात गेला नाही. गावातल्या लेकरांना ओट्यावर बसून गणितं शिकवायचा. मी त्याच वर्षी कसरत सोडली. बांबू सोडून मांडवाला लावला, डबे गुरांच्या पाण्याला घेतले. सहा-आठ महिन्यांत अंग होतं तसं झालं. पुढे एका शाळेच्या प्रयोगशाळेत मला परिचराची नोकरी मिळाली. काचेच्या नळ्या धुवायच्या, टेबलं पुसायची. त्या कामाला छाती लागत नव्हती.

एकदा धाकट्याने मला विचारलं, "तू काहून सोडलं? चांगलं बनलं होतं शरीर." मी म्हणालो, वेळ नाही भेटत. तो म्हणाला, निदान एकाचं तरी राहायला पाहिजे होतं.

हे त्याने टोचून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

असे दुखण्याचे फेरे त्याला दर हिवाळ्यात यायचे. पाच-सहा वर्षांनी एक नवे डॉक्टर तालुक्याला आले. त्यांनी त्याचे पिवळे डोळे पाहिले आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मी रजा काढून सोबत गेलो. तिथे त्याचं रक्त तपासलं, मग माझं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागदावर एक गोल काढला आणि बाजूला विळा काढला. म्हणाले, रक्तातल्या पेशी गोल असतात, तुमच्या भावाच्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचलं नाही, म्हणून तो झिजला. हा आजार जन्मापासूनचा आहे, आई-वडील दोघांकडून अर्धा-अर्धा आलेला. तुमच्यातही अर्धा आहे, पण तुम्हाला त्रास नाही. आपल्या भागात असे खूप आहेत, लोकांना माहीत नाही.

मग त्यांनी जपायचं काय ते सांगितलं. अंगाबाहेर मेहनत करायची नाही. थंडीत गार पाण्यात उतरायचं नाही. पाणी भरपूर प्यायचं, तहान लागू द्यायची नाही. मी समोर बसून एकेक ऐकत होतो.

"पहिल्यांदा एवढं दुखलं तेव्हा काय झालं होतं?" त्यांनी विचारलं. "खूप धावलास, जड उचललं, असं काही?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी धाकटा बोलला.

"नाई डॉक्टर. सायकलवरून पडलो होतो."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. त्या क्षणी मी खरं सांगू शकलो असतो. कागद समोर होता, पेन त्यांच्या हातात होतं. मी सांगितलं नाही. परतीच्या एसटीत तो खिडकीपाशी बसला. मौदा गाव मागे पडल्यावर तो एवढंच म्हणाला की घरी गेल्यावर मायला सांग, लाखोळीचं काही नव्हतं. मी मायला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण तिला ते पटलं नाही. घरात लाखोळी पुन्हा शिजली नाही.

त्यानंतर तो तीन वर्षं जगला. धानाची रोपं लावायचे, रोवणीचे दिवस होते, सगळं गाव बांधीत होतं. त्याला ताप आला, छातीत दुखायला लागलं, श्वास पुरेना. भंडाऱ्याला नेलं. दोन दिवसांनी दुपारी तो गेला. मी खाटेपाशी होतो आणि छाती भरून श्वास घेण्याची त्याची धडपड पाहत होतो. तो सत्तावीस वर्षांचा होता. तेरवी झाली आणि बाबा दुसऱ्या दिवशी रोवणीला गेले, कारण रोपं वाढून चालली होती.

मी वस्तादाकडे गेलो. त्याची कंबर गेली होती आणि मिलवाल्यांनी त्याला राखणीला फाटकावर बसवलं होतं. मी त्याला डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं: गोल पेशी, विळा, गार पाणी, तहान. त्याला दोष द्यायला गेलो होतो की आपला दोष त्याच्यासोबत वाटून घ्यायला, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. तो जमिनीकडे पाहत ऐकत राहिला.

"बाबू," शेवटी तो म्हणाला, "मी अजून दोघा-तिघाइले असंच सांगतलं होतं. एकाचे हात दुखत होते. तो मंग येनाच बंद झाला. मी म्हटलं, भित्रा आहे."

ते कुठले, मी विचारलं. एक सिहोऱ्याकडचा होता, मामाच्या गावी राहायला आलेला. बाकीच्यांचं त्याला नीट आठवत नव्हतं. मी एका चिठ्ठीवर नागपूरच्या दवाखान्याचं नाव आणि कोणत्या वारी जायचं ते लिहून दिलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने चिठ्ठी घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि कोणाच्या तरी हातून पोचवतो म्हणाला. ती कोणापर्यंत पोचली की नाही, मला कळलं नाही. पुढच्या वर्षी वस्तादही वारला.